सतरा नंबरचा तक्ता

मोती हे काही त्याचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले, अहो, हे तर मोती आहेत मोती, आणि त्या दिवसापासून झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळे त्याला मोती म्हणायला लागले. त्याच्या बायकोला ते अजिबात खपायचं नाही. माणसाला हाक मारतात की कुत्र्याला, असं ती विचारायची. पण मोतीला आवडायचं, हे कबूल करायला हवं. बेचाळीस वर्षांत त्याचं दुसरं काहीच कुणी वाखाणलं नव्हतं.

त्याची नोकरी फायलींची. पेशंट दाखल झाला की त्याची एक फाइल होते. त्यात तापाचा तक्ता, औषधांचा तक्ता, सिस्टरच्या नोंदी, डॉक्टरांचे शेरे. पेशंट घरी गेला की ती फाइल सरकारी आरोग्य योजनेकडे जाते आणि योजना हॉस्पिटलला पैसे देते. आता डॉक्टरांचं अक्षर कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. योजनेवाले फायली परत पाठवायचे, वाचता येत नाही म्हणून. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मोतीला सांगितलं, तू नुसतं सुवाच्य उतरवून काढ. यात वाईट काय आहे, तुम्हीच सांगा. त्याने उतरवून काढलं.

मग एकदा सकाळी सहाचा ताप सिस्टरने लिहायचा राहिला होता. मोठे डॉक्टर म्हणाले, लिही नव्व्याण्णव, काय फरक पडतो. त्याने लिहिलं. मग एका पेशंटचा अख्खा दिवस राहिला. मग एक पेशंट तिसऱ्या दिवशी घरी गेला आणि पैसे पाच दिवसांचे मिळत होते, म्हणून उरलेले दोन दिवस मोतीने लिहिले. आणि मग, वर्ष-दीड वर्षात, तो अख्खा पेशंटच मनाने लिहायला लागला. बोट दिलं आणि हात कधी गेला ते त्याला कळलंसुद्धा नाही, असं तो स्वतःला सांगायचा. मला विचाराल तर कळलं होतं. न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

वरच्या मजल्यावर वीस खाटा होत्या. चादरी ताणलेल्या, उशा फुगवलेल्या, प्रत्येक खाटेला नंबर, आणि माणूस एकही नाही. फुकट तपासणीच्या शिबिरात आलेल्या लोकांची योजनेची कार्डं घ्यायची, अंगठा घ्यायचा, ताकदीच्या गोळ्यांची पुडी हातात ठेवून घरी पाठवायचं. ते बिचारे घरी जाऊन भांडी घासत असायचे आणि कागदावर इथे पाच-पाच दिवस सलाईन घेत पडलेले असायचे. हॉस्पिटलात त्यांना कागदी पेशंट म्हणत. मोती त्यांच्या फायली दर रविवारी आठवडाभराच्या एकदम भरून ठेवायचा, नुसत्या खाटेच्या नंबरावर. नावाचा स्टिकर मागाहून, ज्याचं कार्ड हाताशी असेल त्याचा. प्रत्येक पाळीचा कागद वेगळा; वॉर्डचा कारकून तो त्या त्या पाळीला फाइलीत लावायचा.

आणि काय सुरेख भरायचा. सकाळच्या सिस्टरचं अक्षर निळ्या पेनाने गोल, दुपारच्या सिस्टरचं काळ्या पेनाने तिरकं, रात्रपाळीचं घाईत ओढलेलं. ताप एकदम उतरवायचा नाही, जिन्याने उतरल्यासारखा उतरवायचा, मध्ये एकदा थोडा चढवायचा. आणि कुठे कुठे तो एखादी ओळ घालायचा, जी कुणी सांगितलेली नसायची. रुग्णाने जेवण अर्धे टाकले. रुग्णाला शेजारच्या खाटेवरील घोरण्याचा त्रास होतो. ही त्याची हौस. तपासनीस अशा ओळी वाचतात आणि त्यांची खात्री पटते, असं मोठे डॉक्टर म्हणत, आणि मोतीच्या अंगावर मूठभर मांस चढे.

त्याच्या ताईला यातलं काही माहीत नव्हतं. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मोती सहा वर्षांचा होता; त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिचं लग्न राहूनच गेलं, एखादं काम राहून जावं तसं. ती पाणीखात्यात मीटर वाचायला होती. तिच्याबरोबरचे लोक चहाच्या टपरीवर बसून अंदाजाने आकडे टाकायचे. ताई चार-चार जिने चढून, गटाराशेजारी उकिडवी बसून, काचेवरची धूळ पुसून आकडा बघायची आणि मगच लिहायची. लोक हसायचे तिला. ती म्हणायची, बघितल्याशिवाय लिहायला माझा हातच उचलत नाही.

त्या वर्षी नव्या बुटाने तिची टाच सोलली. साखरेचं दुखणं होतंच, जखम भरेना. तिच्या घराजवळ नगरपालिकेचा एक छोटा दवाखाना होता. तिथे एक परिचारिका रोज फुकट पट्टी बदलून द्यायची, वर दोन शब्द सुनवायचीसुद्धा. तो दवाखाना वर्षापूर्वी बंद पडला होता. आरोग्याचे पैसे योजनेतच संपतात, क्लेम दुप्पट झाले आहेत, अशी पाटी नाही पण पेपरात बातमी आली होती. ती मोतीनेही वाचली होती आणि पान उलटलं होतं. आता सांगा, कुणी बंद पाडला तो दवाखाना? वरच्या मजल्यावरच्या वीस माणसांनी, जी कुठे नव्हतीच. आणि अशी हॉस्पिटलं काय एकच असतात? ताई दीड महिना घरीच हळद-कापसाची पट्टी करत राहिली, आणि टाच काळीनिळी झाल्यावर मोतीने तिला आपल्या हॉस्पिटलात आणली. माझा भाऊ तिथेच आहे म्हटल्यावर ती निर्धास्त होती.

तिला खालच्या वॉर्डात घेतलं. सर्जन म्हणाले, दर आठ तासांनी इंजेक्शन, दहा दिवस, एकही चुकता कामा नये. मग पाय राहील. दोन दिवस तिला ती नीट मिळाली. सूज उतरली, ताई उठून बसली, शेजारणीशी गप्पा मारायला लागली. मोतीचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी दुपारी फोन आला, उद्या योजनेचे तपासनीस येणार. ते नेहमी फोन करूनच येत. न सांगता आले असते तर त्यांचीच पंचाईत झाली असती. आता वरच्या खाटांवर माणसं हवीत. तेव्हा गुरुवारी सकाळी, सहाची इंजेक्शनं झाल्यावर, नेहमीप्रमाणे खालचे पेशंट वर हलवले, उरलेल्या खाटांवर झाडूवाले आणि कँटीनवाले पांघरुणं घेऊन पडले. ताई सतरा नंबरवर गेली. सतरा नंबरची फाइल मोतीने रविवारीच भरून ठेवली होती, आणि नेमकी पायाच्या जखमेची. वॉर्डच्या कारकुनाने पाहिलं, रोग तोच, औषध तेच, भरलेली फाइल तयार आहे. त्याने तिच्यावर ताईच्या नावाचा स्टिकर चिकटवला. तिची खरी फाइल खालच्या टेबलाच्या खणात राहिली.

वरच्या मजल्यावरची सिस्टर नवी होती, आठ दिवसांची. तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, वरच्या फायली पूर्ण असतात, त्यांना हात लावायचा नाही. ती इंजेक्शनचा ट्रे घेऊन सतरा नंबरपाशी आली, तक्ता बघितला, दुपारी दोनच्या चौकटीत बरोबरची खूण आणि खाली सही. म्हणजे कुणीतरी दिलं असणार. तिने एकदा मोठ्या सिस्टरला विचारलंही. एकदा सांगितलेलं कळत नाही का, असं ऐकून घेतलं आणि ट्रे घेऊन पुढे गेली. तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. तिने लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, तिला तेच तर शिकवलं होतं.

तपासनीस गुरुवारी अकराला आले. खाटेखाटेपाशी थांबले, फाइल उघडली, प्रत्यक्ष पाहिले असा शेरा मारून सही केली, चहा घेतला आणि गेले. मोठे डॉक्टर इतके खूश झाले की दोन दिवस पेशंट वरच राहू द्या म्हणाले. योजनेचे मोठे साहेब येण्याचाही संभव होता.

शुक्रवारी दुपारी मोती ताईला भेटायला वर गेला. ती पडूनच होती. म्हणाली, बाळा, कालपासून कुणी सुईच दिली नाही मला. मोतीने खाटेच्या पायथ्याची फाइल उचलली. वर ताईचं नाव. आत एकही चौकट रिकामी नाही, सह्या जागच्या जागी, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ.

"दिलीये ताई. हे बघ, सगळं लिहिलंय."

"लिहिलं असेल. दिलेली नाही."

"तू झोपेत असशील. तुला आठवत नसेल."

"सुई टोचली तर मला कळणार नाही? आणि अंग बघ माझं, भाजतंय."

त्याने तिच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं. पण तक्त्यावर ताप नव्हता, आणि तोही आताच उन्हातून जिना चढून आला होता, हातच गरम असेल, असं त्याला वाटलं. म्हणजे बघा. ज्या माणसाने असे शेकडो तक्ते रचले, तो बहिणीच्या कपाळापेक्षा तक्त्यावर विसंबला. सकाळच्या सिस्टरचं गोल अक्षर, दुपारच्या सिस्टरचं तिरकं, इतकं हुबेहूब साधलं होतं त्याने की त्याला स्वतःलाच ओळखू आलं नाही. ताईची फाइल तिच्याबरोबर खालून आली असेल, हेच तो धरून चालला होता. उलट तोच तिला रागावला. उगीच सिस्टरांवर आळ घेऊ नकोस, मला इथे नोकरी करायची आहे, असं म्हणाला. ताई भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनीही फाइलच वाचली आणि प्रकृती सुधारते आहे म्हणून पुढे गेले.

शनिवारी दुपारी तो गेला तेव्हा ताई बडबडत होती. पायाकडून वास येत होता. त्याने हादरून फाइल उघडली आणि आज सकाळची नोंद वाचली. गोल, निळी, नेटकी. आज रुग्णाने नातवाला भेटण्याची इच्छा व्यक्त केली.

ताईला नातू कुठला? तिला मूलच नव्हतं. ही ओळ त्याचीच होती. रविवारी, चहा पिता पिता सुचलेली, सुचल्यावर तो स्वतःशी हसलासुद्धा होता. त्याने पलीकडच्या टेबलावरचं थर्मामीटर आणून तिच्या काखेत ठेवलं. एकशे तीन. मग तो धावत सुटला, जिन्यात दोनदा पडला, सर्जनला हाताला धरून घेऊन आला. सर्जननी पांघरूण वर केलं आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. सात इंजेक्शनं चुकली होती. त्याच संध्याकाळी गुडघ्याखाली पाय काढला.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं, बस म्हणाले. मोती रडत होता, आणि रडता रडता म्हणाला की मी हे सगळं सांगणार आहे. डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल त्याच्यापुढे सरकवली.

"अक्षर कुणाचं आहे, मोती?"

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, अगदी घरच्या माणसासारखं. माझी सही यात कुठेच नाही. सर्जनचीही फक्त ऑपरेशनवर आहे. बाकी साडेचार वर्षांच्या सगळ्या फायली एका हातच्या आहेत, आणि तो हात कुणाचा हे कुठलाही तज्ज्ञ पाच मिनिटांत सांगेल. तू सांगितलंस तर योजना हॉस्पिटलला बंद होईल. मग तुझ्या ताईचं खुंट नीट करायचं दुसरं ऑपरेशन, महिनाभराची ड्रेसिंग, नकली पाय, हे कोण करणार? तू तर आत असशील. आणि जाता जाता म्हणाले, ती नातवाची ओळ तेवढी बदल.

तो अगदीच मान खाली घालून बसला असं नाही. पुढच्या आठवड्यात रजा टाकून तो सतरा नंबरच्या तक्त्याची झेरॉक्स घेऊन योजनेच्या कचेरीत गेला. दोन तास बाकावर बसला. आत बोलावलं तर समोर तेच तपासनीस. त्यांनी कागद हातात घेतला, गुरुवारच्या चौकटीखालची प्रत्यक्ष पाहिले ही स्वतःची सही पाहिली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? मोतीने सहीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, काही नाही साहेब, ताईच्या नकली पायाचं कधी होईल ते विचारायला आलो होतो. होईल, होईल, असं ते म्हणाले. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. इकडून आड, तिकडून विहीर, आणि दोन्ही त्यानेच खणलेल्या.

ताई त्याच्या घरी आली. तिच्या घराला जिना होता, आता तो चढणं शक्य नव्हतं. मोतीच्या बायकोने तिचं सगळं केलं, तोंडातून चकार शब्द न काढता. ताई पायाबद्दल फारसं बोलायची नाही. नोकरी गेली त्याबद्दलही नाही. तिच्या मनात एकच होतं. एके दिवशी दुपारी तिने मोतीला समोर बसवलं आणि कागद-पेन घ्यायला सांगितलं. योजनेच्या कचेरीत तक्रार द्यायची आहे, तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

"आता काय होणार त्याने, ताई? पाय तर..."

"पाय नको मला. मी सांगत होते दिलेली नाही, तर सगळे म्हणाले तुला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, सिस्टर म्हणाली, तू पण म्हणालास. मला फक्त एवढं कुणीतरी लिहून द्यावं, की मी बरोबर होते. मला वेड लागलेलं नव्हतं."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. वार, वेळ, कोण आलं, कोण गेलं, सगळं तिला जसंच्या तसं आठवत होतं. एकही आकडा चुकला नाही तिचा. शेवटी ती म्हणाली, लिही, माझा भाऊ याच हॉस्पिटलात नोकरीला आहे, त्याला विचारावे, तो खरे तेच सांगेल. मोतीचा हात थांबला. लिही ना, असं ती म्हणाली. त्याने लिहिलं. तिने सही केली. ते पत्र तो पोस्टाच्या पेटीत टाकून आला; फाडून टाकायचा विचार वाटेत चार वेळा आला, पण तेवढं त्याच्याने झालं नाही.

आता या योजनेचा एक रिवाज आहे. तक्रार ज्या हॉस्पिटलची, तिथेच ती खुलाशासाठी पाठवतात. आणि हॉस्पिटलातले खुलासे कोण लिहीत असेल असं तुम्हाला वाटतं? तीन आठवड्यांनी ताईचं पत्र, त्याच्याच अक्षरातलं, त्याच्याच टेबलावर आलं. सोबत चिठ्ठी होती, सात दिवसांत कागदपत्रांसह उत्तर द्यावे. मोठ्या डॉक्टरांनी वर पेन्सिलीने लिहिलं होतं, तापाच्या ग्लानीत रुग्णास भान नव्हते, असे द्या.

सहा दिवस त्याने ते पत्र खणात ठेवलं. दुसरं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी होतं. सातव्या दिवशी त्याने पत्र बाहेर काढलं, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ग्लानी दाखवायची तर ताप दाखवायला हवा, आणि तक्त्यावर ताप नव्हताच. म्हणजे तक्ता नव्याने करावा लागणार. तो कोरे छापील कागद घेऊन बसला. गुरुवारी दुपारी शंभर. शुक्रवारी एकशे एक. शुक्रवारी रात्री एकशे दोन. शनिवारी दुपारी एकशे तीन. सतरा नंबरच्या तक्त्यावर पहिल्यांदाच खरा ताप चढत होता, आणि तो चढत होता ताई खोटी ठरावी म्हणून. आकड्यांशेजारी त्याने सातही चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. नातवाची ओळ गाळली. मग टाइप करणाऱ्या मुलीला मजकूर सांगितला आणि शेवटची ओळ सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता.

कचेरीचं उत्तर ताईच्या नावाने घरी आलं, तेव्हा दुसरं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मोती नुकताच कामावरून आला होता, चपलाही काढल्या नव्हत्या. ताईने चष्मा लावला आणि पाकीट नीट, कडेने फाडलं. ती हळू वाचायची, बोट ओळीखाली ठेवून. तो तिथेच दारात उभा राहिला. बोट एकेक ओळ उतरत खाली आलं. सर्व मात्रा वेळेवर दिल्याचे कागदपत्रांवरून दिसून येते. तीव्र तापामुळे रुग्णास भान नव्हते. रुग्णाच्या भावाकडे विचारणा केली असता त्यांनीही यास दुजोरा दिला आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

भावाच्या ओळीपाशी बोट थांबलं होतं.

"तुला विचारलं होतं त्यांनी?"

"हो," मोती म्हणाला.

ताईने चष्मा काढला. ती कागदाकडे बघत राहिली, रागाने नाही, कोडं पडल्यासारखी.

"मग मला भान नसेलच रे," ती म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, सगळं लख्ख आठवतंय म्हणून. पण तू काही खोटं सांगणार नाहीस."

तिने कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. मग म्हणाली, घसा कोरडा पडलाय, थोडं पाणी दे. मोती पाणी आणायला आत गेला.